बर्फगाडी आणि तिचा मिस्त्री

पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की पलीकडच्या वाडीवरचा आजारी माणूस पलीकडेच अडकतो. खाटेवर घालून त्याला आणावे म्हटले, तरी पाणी उतरेपर्यंत थांबणे भाग पडते. हा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना आजची हकिगत लगेच उमजेल. फक्त पाण्याच्या जागी त्यांनी बर्फ आहे असे समजायचे.

कॅनडा देशाच्या पूर्वेस क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तेथील बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. या प्रांतात व्हालकूर नावाचे एक लहान गाव आहे. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्या गावातील एका गॅरेजवाल्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. पोटात पू झाला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. इस्पितळ होते शेरब्रुक शहरात, सुमारे पन्नास किलोमीटर दूर. गावात मोटारी होत्या, शहरापर्यंत रस्ताही होता; पण तो रस्ता बर्फाखाली गाडला गेला होता. त्या काळी तेथील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढीत नसे. हिवाळा लागला की मोटारी शेडमध्ये जात, त्या बर्फ वितळल्यावरच बाहेर निघत. मूल दगावले.

त्या गॅरेजवाल्याचे नाव जोसेफ-आर्मां बोंबार्डिए. बर्फावरून पळणारी स्वयंचलित गाडी, जिला आज सारे जग ‘स्नोमोबाईल’ म्हणते आणि आपण सोयीसाठी बर्फगाडी म्हणू, तिच्या इतिहासात या माणसाचे नाव मोठे आहे. हा इतिहास मी आज थोडा वेगळ्या बाजूने सांगणार आहे. कोणी गाडी केव्हा काढली एवढ्यावर तो संपत नाही. ही गाडी कोठे कोठे बिघडते, ती कोण आणि कशी दुरुस्त करतो, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. किंबहुना मला तर तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ही गाडी जन्माला आली ती दुरुस्तीच्या गॅरेजात, आणि आजही ती जगते ती मालकाच्या हातातल्या पान्यावर.

बोंबार्डिएचा जन्म १९०७ सालचा. लहानपणापासून त्याला यंत्रांचे वेड. पंधराव्या वर्षी, म्हणजे १९२२ च्या अखेरीस, त्याने फोर्ड मोटारीचे एक जुने इंजिन एका घसरगाडीवर चढवले, मागे विमानासारखा पंखा बसवला, आणि धाकट्या भावाला बरोबर घेऊन ती गाडी गावातल्या बर्फावरून पळवली. उघडा पंखा गरगर फिरतो आहे, पुढे पोरे बसलेली आहेत, हे पाहून वडिलांच्या काळजाचे पाणी झाले. त्यांनी ती गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली. पोरगा मात्र मोडला नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने गावातच गॅरेज काढले. उन्हाळ्यात लोकांच्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात काम थंडावले की बर्फगाडीचे प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम चालू झाला. मुलाच्या मृत्यूआधी बारा वर्षे त्याचे हे प्रयोग चालले होते. त्या दुःखाने त्यांना निकड आली.

बर्फावर गाडी चालवण्यात अडचण कोणती? मोटारीचे चाक अरुंद असते. सगळा भार थोड्या जागेवर पडतो आणि चाक रुतते. भार पसरला पाहिजे. भाताच्या चिखलात पाय रुततो, पण त्याच चिखलावर फळी टाकली तर ती माणसाला पेलते, तसेच हे आहे. रशियाच्या झारच्या पदरी असलेल्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच यंत्रज्ञाने मोटारीच्या मागच्या चाकांऐवजी फिरता पट्टा बसवून पाहिला होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलियासन याने १९२४ साली लाकडी घसरगाडीला लहानसे इंजिन जोडून एका माणसाची बर्फगाडी केली होती. बोंबार्डिएने १९३५ च्या सुमारास यात मोठी भर घातली. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावर त्याने रबर चढवले, आणि पट्टाही रबराचा करून त्याला पोलादी आडव्या पट्ट्यांनी जोडले. लोखंडी दात्यांत बर्फ घट्ट चिकटून बसे, तो रबरामुळे सुटून पडू लागला. १९३७ साली त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. पाठोपाठ सात जणांची बंदिस्त गाडी आली आणि पुढे बारा जणांची. ती घेतली कोणी? डॉक्टरांनी, धर्मगुरूंनी, टपाल वाहणाऱ्यांनी. रुग्णवाहिका म्हणून ती धावली, शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठीही तिचा उपयोग झाला. इव्होंला जी गाडी मिळाली नाही ती इतरांच्या मुलांना मिळू लागली.

पण इतिहासात एक दार उघडते तेव्हा दुसरे लागतेही. १९४८ साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचाही बर्फ हिवाळ्यात काढायचे ठरवले. लोकांची मोठीच सोय झाली, आणि मोठ्या बर्फगाडीचा खप मात्र कोसळला. बोंबार्डिएने मग जंगलातील दलदलीत आणि बर्फात ओढकाम करणारे पट्ट्याचे ट्रॅक्टर बनवायला घेतले. एका माणसाची हलकी गाडी काढावी हे जुने स्वप्न त्याच्या मनातून गेले नव्हते. अडचण होती इंजिनाची. जुनी इंजिने इतकी जड, की लहान गाडी त्यांच्याच वजनाने रुतायची. १९५० नंतर हलकी इंजिने मिळू लागली. थोरल्या मुलाच्या, जर्मेंच्या, मदतीने अखंड रबरी पट्टा तयार झाला, आणि १९५९ साली ‘स्की-डू’ ही गाडी बाजारात आली. तिचे नाव ‘स्की-डॉग’ म्हणजे घसरफळीवरचा कुत्रा असे ठेवायचे होते. शेवटचे अक्षर चुकले आणि चुकलेलेच नाव रूढ झाले असे सांगतात. नावामागची कल्पना मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. उत्तरेकडे घसरगाडी ओढायला कुत्र्यांचे जथे जुंपत, त्या कुत्र्यांची जागा हे यंत्र घेणार होते. आरंभीची एक गाडी बोंबार्डिएने आंतारियो प्रांताच्या दूर उत्तरेकडील लॅन्सडाऊन हाऊस या वस्तीत राहणाऱ्या मोरिस ऊइमे या आपल्या मित्र धर्मगुरूकडे चालवून पाहण्यासाठी नेली होती.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हकिगतही अशीच आहे. रोझो नावाच्या गावी हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन हे शेतीची अवजारे बनवण्याचा कारखाना चालवीत. १९५६ साली त्यांनी कारखान्यातल्याच सामानातून एक बर्फगाडी जुळवली. पुढे त्यांच्या बर्फगाड्या ‘पोलॅरिस’ या नावाने ओळखल्या गेल्या. म्हणजे या यंत्राचे एक घराणे मोटारीच्या गॅरेजातून आले आणि दुसरे नांगर-कुळवाच्या कारखान्यातून. दोन्ही ठिकाणची माणसे हातात पाना धरणारी होती.

१९६० साली एडगर हेटीन काही सोबत्यांसह अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे बाराशे मैल बर्फगाडीने गेला. १९६८ साली मिनेसोटातीलच राल्फ प्लेस्टेड हा विमा व्यवसायातला गृहस्थ आपल्या साथीदारांबरोबर बर्फगाडीवरून उत्तर ध्रुवावर पोहोचला. वरून उडणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने त्याची जागा पडताळली. आपण या पराक्रमांची नावे पाठ करतो. पण असा प्रवास वाटेत गाडी उघडून पुन्हा जोडता येत असेल तरच पार पडतो.

बर्फगाडीचे हे मर्म नीट ध्यानात घ्या. बैलगाडी मोडली तर बैल सोडून घरी चालत येता येते, कारण बैल माणसाच्या चालीनेच चाललेला असतो. बर्फगाडी माणसाला एका तासात तेथे नेऊन सोडते, जेथून परत चालत यायला अख्खा दिवस लागेल. आणि कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात तर तो दिवसही पुरणार नाही. रात्री हवा शून्याखाली वीस-तीस अंश जाते. म्हणून या गाडीची देखभाल हा हौसेचा विषय राहत नाही. ती जिवाची राखण आहे.

आता डोंगरावरच्या गाडीकडे वळू. १९५९ ची स्की-डू सात अश्वशक्तीची होती. सपाट बर्फावर आणि जंगलातल्या वाटांवर ती ठीक चाले. पण अमेरिका-कॅनडाच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग आहे. तेथे बर्फ खोल आणि भुसभुशीत, चढ उभा, आणि उंची आठ-दहा हजार फूट. तेथील लोक आपापल्या गाड्या आपणच बदलू लागले: पट्टा लांब करायचा, इंजिनाची ताकद वाढवायची, वजन उतरवायचे. कारखानदार त्यांच्या मागून आले. १९९० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी खास डोंगरासाठी वेगळ्या गाड्या काढल्या. साध्या गाडीचा पट्टा सुमारे १२१ इंच लांब असे, डोंगरी गाडीचा दीडशेच्या पुढे, अगदी १७५ इंचांपर्यंत गेला. पट्ट्यावरच्या रबरी दात्यांची उंची दोन-तीन इंच झाली. बर्फात त्या वल्ह्यासारखे काम करतात. इंजिन आठशे घनसेंटिमीटर किंवा अधिक आणि शक्ती दीडशे अश्वशक्तीच्या वर. वजन मात्र दोनशे किलोंच्या आसपास. विचार करा, चार-पाच मोटारसायकलींची ताकद एका मोटारसायकलीच्या वजनात भरली आहे. असे इंजिन कायम ताणावर असते, आणि ताणलेल्या यंत्रात दोष लवकर उमटतो.

नवी गाडी फार महाग. म्हणून तिकडचा शेतकरी, लाकूडतोड्या, तरुण मुलगा जुनी घेतो. जुनी डोंगरी गाडी घेताना जाणता माणूस काय पाहतो, ते सांगतो. त्यात या यंत्राचा सारा इतिहास दिसतो.

पहिली गोष्ट, इंजिनाला हात लावून ते गार आहे ना हे तो पाहतो. विकणाऱ्याने आधीच चालू करून गरम केले असेल, तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरते की काय हे कळत नाही. मग दोन्ही सिलिंडरांचे प्लग काढून कॉम्प्रेशन मोजतो. आकडा किती आला यापेक्षा दोन्हींचे आकडे सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. उंचावर हवा विरळ असल्यामुळे दोन्ही आकडे कमी येतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला, तर आत पिस्टन किंवा रिंग दुखावली आहे असा संशय धरावा. काढलेल्या प्लगचा रंगही बोलतो. फिकट कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन आतून तापते आहे. काळ्या प्लगने गाडी बंद पडते. पांढऱ्या प्लगने इंजिनच जाते.

हे असे का? डोंगरी गाड्यांतील बहुतेक इंजिने टू-स्ट्रोक असतात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरी आणि लुना आठवा. पेट्रोलपंपावर पेट्रोलात ऑईल मिसळून घ्यावे लागे. टू-स्ट्रोक इंजिन हलके आणि ताकदवान, पण त्याला वंगण मिळते ते इंधनाबरोबर आलेल्या ऑईलचेच. पुढे ऑईलची टाकी वेगळी झाली आणि पंपाने ऑईल सोडण्याची सोय आली. तत्त्व तेच राहिले. इंधनाची धार आणि ऑईल कमी झाले, की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मिस्त्री त्याला ‘सीझ झाला’ म्हणतात.

आता येथे डोंगर आपली खोडी काढतो. दर हजार फुटांमागे इंजिनाची शक्ती साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे पायथ्याशी १६० अश्वशक्तीची गाडी दहा हजार फुटांवर ११० च्या आसपास येते. हवा विरळ, म्हणून त्याच कार्बोरेटरमधून पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आणि इंजिन गुदमरते. जुन्या गाडीचा मालक मग वर चढण्यापूर्वी कार्बोरेटरातील जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक असलेले पितळी बोंडूक, लहान बसवतो. गाडी छान चालते. संध्याकाळी तो खाली दरीत येतो. खाली हवा दाट, थंडीने आणखीच दाट; जेट तेच लहान. पेट्रोल अपुरे पडते, आणि गावाच्या वेशीवर सपाट रस्त्यावर जोरात पळवताना पिस्टन जळतो! चढावर टिकलेले इंजिन सपाटीवर जाते, हे पाहून नवख्या माणसाला नवल वाटते. पुढे विजेवर चालणारी इंधनाची पिचकारी आली. ती हवेचा दाब आणि तापमान स्वतः जोखते. त्या गाड्यांत हा त्रास सरला, पण त्यांच्या सेन्सरची आणि तारांची नवी दुखणी आली.

आणखी एक कारण आहे. गाडी वर्षातून सात-आठ महिने शेडमध्ये पडून असते. टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटरात गोंदासारखे बसते. क्रँकच्या टोकांची रबरी सील सुकतात, तेथून हवा आत ओढली जाते आणि पुन्हा पेट्रोलाचे प्रमाण बिघडते. हवेच्या डब्यात उंदीर घर करतात! कोठारातल्या उंदरांशी ज्यांची गाठ आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. म्हणून हंगाम संपताना जाणता माणूस पेट्रोल काढून टाकतो किंवा ते टिकवणारे औषध त्यात घालतो, सिलिंडरात थोडे ऑईल सोडतो, हवेच्या तोंडावर जाळी बसवतो. बर्फ वितळल्यावर घेतलेली ही अर्ध्या दिवसाची मेहनत पुढच्या हिवाळ्यात कामी येते.

इंजिनानंतर बेल्ट. गिअर नसलेल्या आजच्या स्कूटरमध्ये जी रचना आहे, तीच या गाडीत मोठ्या प्रमाणावर आहे. इंजिनाच्या दांड्यावर एक पुली, मागे दुसरी, दोहोंवरून एक रुंद रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, पुलीची तोंडे जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी वेग घेते. उंचावर इंजिन अशक्त होते म्हणून ही वजनेही हलकी बसवावी लागतात; नाहीतर इंजिनाला आपला योग्य वेग गाठता येत नाही. दीडशे अश्वशक्तीचा सारा जोर या एका बेल्टवर येतो. बेल्ट चकाकू लागला, एका जागी भाजला, कडेने झिजला, की तो तुटणार हे ठरलेलेच. म्हणून एक चांगला बेल्ट आणि तो बदलण्याचे हत्यार गाडीत नेहमी असते. आणि तो थंडीत, हातमोजे घालून, एकट्याला बदलता येतो की नाही, हे घरी अंगणात दोनदा करून पाहिलेले असते.

तिसरा पट्टा, म्हणजे बोंबार्डिएचा तो मूळ शोध. दाते तुटले आहेत का, आतल्या आडव्या कांड्या मोडल्या आहेत का, दोन्ही बाजूंना ताण सारखा आहे का, हे चारी बाजूंनी पाहावे. मागचा भाग स्टँडवर उचलून पट्टा फिरवताना मागे कोणी उभे राहू नये. एखादा खडा किंवा तुटलेली कांडी गोळीसारखी सुटते. पट्टा ज्या रुळांवर घसरतो त्यांना खाली प्लॅस्टिकची पट्टी असते. तिला वंगण बर्फाचेच. इंजिनाचे गरम पाणीही पट्ट्याने उडवलेल्या बर्फानेच थंड होते. म्हणजे बर्फासाठी बनलेली ही गाडी टणक बर्फाच्या रस्त्यावर तापून बंद पडते! त्यावर लोकांनी साधा उपाय काढला: पोलादी तारेचे खरवडे बाजूला लावायचे, ते गोठलेला पृष्ठभाग ओरखडतात, चुरा उडतो, आणि इंजिन व रूळ दोन्ही थंड राहतात.

आणि डोंगरात गाडी अचानक बंद पडलीच तर? अनुभवी माणूस पहिल्या क्षणी पाना काढीत नाही. बंद करण्याचे बटण चुकून दाबले गेले काय? अंगाला बांधलेली सुरक्षा दोरी सुटली काय? टाकीत पेट्रोल आहे ना? मग प्लग पाहायचा, ठिणगी येते का बघायचे. मग बेल्ट. त्यानंतर खोलात शिरायचे. साध्यापासून अवघडाकडे जायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गणिताच्या तासाला आमचे शिक्षकबंधू हेच शिकवतात. चालू करण्यापूर्वी मात्र एक तपासणी कधीच चुकवायची नाही: ॲक्सिलरेटर दाबून सोडला की तो आपोआप मागे येतो ना? तेथे बर्फ गोठून तो अडकला, तर गाडी माणसाच्या ताब्यात राहत नाही.

यंत्र धड असले म्हणजे भागले असेही नाही. ताकदवान गाडी माणसाला अशा उतारावर नेते, जेथे पायी कोणी गेले नसते. तेथे बर्फाचा थर सुटून खाली येतो. उत्तर अमेरिकेत हिमस्खलनात मरणाऱ्यांत बर्फगाडीवाल्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून गाडलेल्या माणसाचा ठाव देणारे यंत्र, लांब काठी आणि फावडे ही प्रत्येकाच्या अंगावर असावी लागतात. ते सामान गाडीवर बांधून उपयोग नाही, कारण गाडी वेगळी जाते आणि माणूस वेगळा जातो.

दुरुस्तीला सुटे भाग लागतात, आणि येथे बाजाराचा इतिहास आडवा येतो. १९७० च्या सुमारास बर्फगाड्या बनवणारे शंभराहून अधिक कारखाने होते. १९७३ नंतर तेल महागले, काही हिवाळे कोरडे गेले, आणि ते भराभर बंद पडले. अखेर मोठे असे चारच उरले. त्यांपैकी जपानच्या यामाहाने १९६८ साली सुरू केलेला हा धंदा २०२५ च्या गाड्यांनंतर थांबवण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. बनवणारा उठून गेला तरी गाडी उरतेच. मग गावोगावचे लोक तीन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करतात. हे कसब कोणत्या पुस्तकात नसते. ते बापाकडून मुलाकडे जाते.

या कसबाची कसोटी फार मोठ्या प्रमाणावर झाली ती फिनलंडच्या उत्तरेस. तेथे सेवेट्टियार्वी भागात स्कोल्ट सामी नावाचे लोक राहतात. त्यांची मूळ भूमी पेत्सामो. दुसऱ्या महायुद्धात ती सोव्हिएत संघाकडे गेली आणि हे लोक फिनलंडमध्ये नव्या जागी येऊन वसले. रेनडिअर, म्हणजे उत्तरेकडील हरणे, हे त्यांचे गोधन. घसरगाडीलाही तीच जुंपायची. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे बर्फगाडी आली, आणि ते दशक सरेपर्यंत जुंपणीची हरणे जवळजवळ गेली. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने हा बदल जवळून पाहिला आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. दुकान, दवाखाना, शेजार जवळ आला, हे खरेच. पण जनावराला लागणारा चारा जंगलात फुकट मिळे. पेट्रोल आणि सुटे भाग रोख पैशाने घ्यावे लागत. यंत्राच्या आवाजाने कळप बुजू लागले. ज्यांच्याकडे पैसा होता, आणि यंत्र दुरुस्त करण्याचे अंग होते, ते गुराखी टिकले. अनेक घरांचे कळप मात्र आटले आणि ती घरे या धंद्याबाहेर पडली. एका पिढीपूर्वी जनावराच्या स्वभावाची पारख ही श्रीमंती होती. आता इंजिनाच्या आवाजाची पारख लागू लागली.

आपला देश या इतिहासाला अगदीच परका नाही. सियाचीन हिमनदीवर १९८४ पासून आपले सैन्य आहे. तेथील पायथ्याचा तळच सुमारे बारा हजार फुटांवर. बर्फावरून ने-आण करण्यासाठी तेथे ‘स्नो स्कूटर’ वापरल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या गावांतील जवानही त्या उंचीवर राहून आले आहेत, आणि काही परत आलेले नाहीत. विरळ हवेत गुदमरणारे इंजिन, गोठणारी बॅटरी, हातमोज्यातून न सापडणारा स्क्रू, हे सारे त्यांच्या तळावरच्या मिस्त्रीलाही ठाऊक आहे. वर गेलेला माणूस खाली सुखरूप येतो, त्यात त्या मिस्त्रीचाही वाटा असतो. त्याचे नाव मात्र बातमीत येत नाही.

बोंबार्डिए १९६४ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वारला. त्याच्या नावाचा उद्योग पुढे रेल्वे आणि विमानांपर्यंत गेला. पण त्याच्या कामाचा आरंभ आठवायचा तर गावातल्या त्या गॅरेजाकडेच पाहावे लागते. मोटारी होत्या, रस्ता होता, बापाच्या हातात कसब होते. त्या एका रात्रीच्या उपयोगी पडेल असे यंत्र मात्र तयार नव्हते. म्हणून तिकडे दर वर्षी पहिला बर्फ पडण्याआधी जो मालक शेडमध्ये कंदिलाऐवजी विजेचा दिवा लावून प्लग पुसतो, बेल्ट बोटांनी चाचपतो आणि सील तपासतो, तो त्या रात्रीचीच तयारी करीत असतो. आपल्याकडे बर्फ नाही. पण पूर आहे, घाट आहे, आडवाटेची वाडी आहे, आणि गावात एखादी जीप किंवा मोटारसायकल आहे. पावसाळा लागण्यापूर्वी तिचा प्लग आणि ब्रेक कोणी पाहिला आहे का, एवढे आज घरी गेल्यावर विचारून पाहा.